वाढलेल्या भावावर हक्क कुणाचा?

रिठद हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांवर येथील वर्षाचा हिशेब बसतो. अशा शिवारात बसून विमानतळाभोवती उभ्या राहणाऱ्या हॉटेलांचा, गोदामांचा आणि गृहसंकुलांचा वाद चर्चेस घ्यावा, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु अंतरे आता पूर्वीची राहिलेली नाहीत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. ५ जून २०२५ रोजी तो ७०१ किलोमीटरच्या पूर्ण लांबीने वाहतुकीस खुला झाला. त्याच्या पूर्वेकडील टोकाशी नागपूरचा विमानतळ आणि त्याला लागून वाढलेला मिहान प्रकल्प आहे. पश्चिमेकडील टोकाच्या पलीकडे, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्याचे उद्घाटन झाले तो नवी मुंबईचा विमानतळ आहे. या दोन्ही ठिकाणी शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे एकच प्रश्न विचारला आहे, आणि महामार्गाच्या काठाने नवनगरांचे नकाशे निघू लागल्यापासून तो प्रश्न आमच्या बांधावरही येऊन ठेपला आहे.

प्रश्न मांडण्यास सोपा आहे. सार्वजनिक कामासाठी शेतकऱ्याची जमीन घेतली गेली. त्या कामामुळे भोवतालच्या जमिनीचा भाव कैक पटींनी चढला. हा चढलेला भाव न्यायाने कुणाचा? ज्याची जमीन गेली त्याचा, ज्याने त्यावर इमारत बांधली त्याचा, की शासनाचा? हा प्रश्न केवळ कायद्याचा असता तर तो वकिलांवर सोपवून आम्ही स्वस्थ बसलो असतो. परंतु यात न्याय आणि अन्याय यांची निवड आहे, आणि ती निवड आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनाही करावी लागते. म्हणून त्याचा विचार येथे करू इच्छितो.

विमान उतरण्यासाठी धावपट्टी लागते, प्रवाशांसाठी इमारत लागते, येण्याजाण्यास रस्ता लागतो. एवढ्यासाठी जमीन लागणार, हे कोणताही समंजस मनुष्य मान्य करील. वादाचे मूळ त्यापुढे आहे. आजचा विमानतळ केवळ विमानांच्या उत्पन्नावर चालत नाही. त्याच्या आवारात आणि भोवती हॉटेले, दुकाने, कार्यालये, गोदामे उभी करावयाची आणि त्यांच्या भाड्यातून खर्च भागवावयाचा, अशी पद्धत जगभर रूढ झाली आहे. गोव्यातील पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ बांधणाऱ्या कंपनीशी जो करार झाला, त्यात अशा व्यापारी विकासासाठी २३२ एकर जमीन राखून ठेवण्यात आली. काजूच्या बागा ज्यांनी गमावल्या त्यांचे म्हणणे असे की, आम्ही जमीन विमानांसाठी दिली, हॉटेलांसाठी नव्हे. उलट बाजूचे म्हणणे असे की, हे उत्पन्न नसेल तर विमानतळ तोट्यात जाईल आणि तो तोटा अखेर जनतेच्याच माथी बसेल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणूनच येथे आवाज चढवण्यापेक्षा विचार करण्याची गरज अधिक आहे.

महाराष्ट्रात या विचाराला एक इतिहास आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित होऊ लागली. आगरी आणि कोळी समाजाची ही गावे भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी होती. त्यांना मिळणारा मोबदला आणि त्यांच्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहराचे मोल यांतील तफावत जसजशी दिसू लागली, तसतसा असंतोष वाढत गेला. जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांनी त्या असंतोषाला शब्द आणि संघटना दिली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. या बलिदानानंतर, १९९० साली, शासनाने संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व मान्य केले. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठवावी लागली, तेव्हा हा वाटा साडेबावीस टक्क्यांवर नेण्यात आला.

आमच्या मते या घटनेतील महत्त्वाची गोष्ट टक्केवारी नव्हे. साडेबारा टक्क्यांच्या निर्णयाने एक शब्द मागे पडला आणि दुसरा पुढे आला. मागे पडलेला शब्द नुकसानभरपाई, आणि पुढे आलेला शब्द वाटा. भरपाई देणारा म्हणतो, तुझे जेवढे गेले तेवढे घे आणि बाजूला हो. वाटा देणारा म्हणतो, हे जे उभे राहणार आहे त्यात तूही आहेस. पहिल्यात शेतकरी हा अडथळा ठरतो, दुसऱ्यात तो भागीदार ठरतो.

मात्र वाटा या शब्दानेही सारे प्रश्न सुटत नाहीत. नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी जानेवारी २०१३ मध्ये सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. या क्षेत्राला नैना या नावाने ओळखतात. येथे जमीन जुन्या पद्धतीने संपादित केली जात नाही. नगररचना योजनेखाली सर्वांची जमीन एकत्र करावयाची, सर्वसाधारणपणे चाळीस टक्के जमीन विकसित भूखंडाच्या रूपाने मालकाला परत द्यावयाची आणि उरलेली साठ टक्के रस्ते, उद्याने, सुविधा व विक्रीयोग्य भूखंड यांसाठी ठेवावयाची, अशी ही व्यवस्था आहे. कागदावर चाळीस हा आकडा साडेबारापेक्षा मोठा आहे. तरीही पनवेलच्या शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की, विमानतळासाठी आमची जमीन लागतच नाही. विमानतळ जवळ आला एवढ्याच कारणाने साठ टक्के जमीन रोख मोबदल्यावाचून आमच्या हातून का जावी?

आता आमच्या विदर्भाकडे पाहू. नागपूरच्या दक्षिणेस शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव आदी गावांच्या परिसरात मिहान प्रकल्प वाढला. त्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली होती. माल वाहून नेणाऱ्या विमानांचे मोठे केंद्र येथे होईल, ही मूळ कल्पना. त्या जमिनीवर आज सॉफ्टवेअर कंपन्यांची कार्यालये आहेत, खाद्यपदार्थांचा मोठा कारखाना आहे, गृहसंकुले आहेत, तसेच अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालयही आहे. आमच्या भागातील गरीब रुग्ण मोठ्या दुखण्यात या रुग्णालयाचा आधार शोधतो, तेव्हा तोही त्या गावांच्या गेलेल्या जमिनीचा लाभार्थी असतो, हे विसरून चालणार नाही. एकाच संपादनातून रुग्णालयही निघाले आणि सदनिकाही. विमानतळाच्या नावाने घेतलेली जमीन दुसऱ्या कामास लावली, एवढ्यावरून सारेच चुकले असे म्हणता येत नाही. पण सारेच सार्वजनिक काम आहे, असेही म्हणता येत नाही.

या सीमारेषेबद्दल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट मत दिले आहे. बंगळूरच्या जुन्या विमानतळाजवळ कोडिहळ्ळी परिसरात पर्यटन महामंडळाच्या गोल्फ व हॉटेल संकुलासाठी १९८१ साली सुमारे चाळीस एकर जमीन संपादनाची अधिसूचना निघाली. महामंडळाने ती जमीन स्वतः वापरण्याऐवजी खाजगी व्यावसायिकांच्या हाती जाऊ दिली आणि तेथे खाजगी हॉटेल चालू झाले. एक जमीनमालक न्यायालयात गेला. २०११ साली, म्हणजे अधिसूचनेनंतर तब्बल तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने लागलेला निकाल कायम केला. सार्वजनिक हेतूच्या नावाखाली सक्तीने घेतलेली जमीन खाजगी नफ्यासाठी वळवणे हा सत्तेचा गैरवापर आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. तीस वर्षे न्यायालयाची पायरी चढण्याचे बळ किती शेतकऱ्यांच्या अंगी असते, हा विचार वाचकांनीच करावा.

कायदा एवढे सांगतो. नीतिशास्त्र काय सांगते?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, ख्रिस्तसभेने खाजगी मालमत्तेचा हक्क कधीही निरंकुश मानलेला नाही. पृथ्वीवरील वस्तू सर्व मानवांसाठी आहेत, हे तत्त्व दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली पुन्हा ठामपणे मांडले. सर्वांच्या हितासाठी प्रसंगी जमीन संपादित करावी लागते, हे पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या विश्वपत्रात मान्य केले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली मेक्सिकोतील प्येब्ला येथे खाजगी मालमत्तेवरील सामाजिक गहाणाची कल्पना मांडली. आपल्या शेतकऱ्याला गहाण हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सातबारा आपल्या नावे असला, तरी त्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात समाजाचे नाव अदृश्य अक्षरांत लिहिलेले असते, असा याचा अर्थ. तेव्हा धावपट्टीसाठी जमीन मागणे हाच अन्याय, अशी भूमिका आम्हांस घेता येत नाही. परंतु गहाणाचा हा नियम शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर लागतो, तसाच तो त्या जमिनीच्या पुढल्या मालकावरही लागतो. तो गरिबाच्या दोन एकरांवर लागू करावयाचा आणि हॉटेलाच्या वीस एकरांवर माफ करावयाचा, हे न्यायाचे लक्षण नव्हे.

आता किमतीचा विचार करू. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी न्याय्य किमतीचे जे विवेचन केले आहे, ते या वादात फार उपयोगी पडते. त्यांच्या मते वस्तू देण्याने विकणाऱ्याचे जे विशेष नुकसान होते, ते त्याने किमतीत धरावे. तो अन्याय नव्हे. मात्र विकत घेणाऱ्याला त्या वस्तूपासून मोठा लाभ होणार आहे, एवढ्याच कारणाने भाव चढवणे योग्य नव्हे, कारण तो लाभ विकणाऱ्याने निर्माण केलेला नसतो. समजा, पेरणीच्या तोंडावर एखाद्याची एकुलती बैलजोडी कुणी मागितली. पेरणी चुकण्याचे नुकसान त्याने किमतीत धरले, तर कोणी दोष देणार नाही. परंतु घेणाऱ्याला त्या जोडीमुळे मोठे कंत्राट मिळणार आहे असे कळल्यावरून दुप्पट भाव सांगितला, तर गावही नावे ठेवील.

हे विवेचन वरवर पाहता शेतकऱ्याच्या विरुद्ध जाते. विमानतळाजवळची जमीन महाग झाली, ती शेतकऱ्याच्या नांगरटीने नव्हे. मग वाढलेल्या भावावर त्याचा हक्क कसा? अनेक सुशिक्षित मंडळी हाच युक्तिवाद करतात, आणि तो खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो अर्धाच आहे. हीच तलवार दुसऱ्या बाजूलाही चालते. वाढलेला भाव शेतकऱ्याने निर्माण केला नाही, तसा तो बांधकाम व्यावसायिकानेही निर्माण केलेला नाही. त्याने इमारत बांधली, तिचे मोल त्याने जरूर घ्यावे. परंतु इमारतीखालच्या जमिनीचा भाव चढला तो धावपट्टीमुळे, रस्त्यामुळे, रेल्वेमुळे, पाण्याच्या नळामुळे. आणि ही कामे समाजाच्या पैशाने व समाजाच्या नावाने झाली. जो लाभ कोणा एकाच्या श्रमाचा नाही, तो सर्वांचा आहे. तो एकाच्या खिशात गेला, तर बाकीच्यांच्या खिशातून गेला, हे उघड आहे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हेन्री जॉर्ज या विचारवंताने १८७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आणि जमिनीच्या मूल्यावर कर बसवून ही वाढ समाजाने परत घ्यावी, असे सुचवले. न्यूयॉर्कमधील एका धर्मग्रामाचे प्रमुख फादर एडवर्ड मॅकग्लिन यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. या वादात १८८७ साली त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. पण त्यांच्या विचारांत धर्मविरोधी काही नाही, असे ठरून १८९२ साली ती शिक्षा मागे घेण्यात आली. दरम्यान १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी आपल्या सुप्रसिद्ध विश्वपत्रात खाजगी मालमत्तेच्या हक्काचे ठाम समर्थन केले होते. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे आपल्या परंपरेचा तोल ध्यानात येतो. माणसाचे घर आणि शेत त्याचे आहे. परंतु समाजाच्या खर्चाने त्या जमिनीला आलेले मोल समाजाने मागितले, तर ती चोरी नव्हे.

आपल्या महसूल खात्यालाही हे तत्त्व परके नाही. भोगवटादार वर्ग दोनची जमीन विकावयाची झाल्यास शासन नजराणा मागते, आणि शासनाने दिलेल्या जमिनीच्या बाबतीत अनर्जित उत्पन्न असा शब्दही कागदोपत्री वापरला जातो. अनर्जित, म्हणजे न कमावलेले. गरिबाला मिळालेल्या जमिनीचा भाव चढला तर त्यातील वाटा मागण्यास शासन विसरत नाही. मग तेच शासन स्वतः शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन चढ्या भावाने दुसऱ्याला देते, तेव्हा त्या न कमावलेल्या वाढीचा वाटा शेतकऱ्याने मागितला, तर त्याला हावरा का म्हणावे?

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. वाढलेला भाव सर्वांचा आहे हे मान्य केले, तरी सर्वांमध्ये पहिला मान कुणाचा? सार्वजनिक कामाचा भार सर्वांनी सारखा उचललेला नसतो. कर सर्वांनी भरला. गाव मात्र दहांचेच उठले. ज्यांनी विहीर सोडली, देऊळ सोडले, पूर्वजांची माती सोडली, त्यांनी समाजाच्या वतीने सर्वांत मोठा भाग उचलला. लाभाच्या वाटणीत त्यांना पहिले स्थान देणे हा उपकार नव्हे, ती न्यायाची परतफेड आहे. शिवाय संत थॉमस यांचा सारा विचार विकणारा आणि घेणारा दोघेही स्वतंत्र आहेत, असे गृहीत धरतो. भूसंपादनात शेतकऱ्याला नाही म्हणण्याचा अधिकार नसतो. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी झालेल्या व्यवहारास सौदा म्हणणे कठीण आहे. म्हणून अशा व्यवहारात बाजारभाव हा न्यायाचा कळस नसून पायाचा पहिला दगड आहे.

१ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने या दिशेने काही पावले टाकली आहेत. संपादित जमिनीवर कोणताही विकास न करता ती दुसऱ्याला विकली, तर वाढलेल्या किमतीचा चाळीस टक्के हिस्सा मूळ मालकांना द्यावा, असे त्याचे कलम १०२ सांगते. तत्त्व उत्तम आहे. परंतु हा लाभ पहिल्याच हस्तांतरापुरता आहे, आणि विकास न करता या शब्दांत मोठी पळवाट आहे, असे आम्हांस वाटते.

एक आक्षेप आमच्या विवेचनावर प्रामाणिकपणे घेता येईल. समृद्धी महामार्गाच्या वेळी शेतकऱ्यांपुढे प्रथम भागीदारीचाच प्रस्ताव ठेवला होता. जिरायत जमिनीच्या बदल्यात २५ टक्के आणि बागायतीच्या बदल्यात ३० टक्के विकसित भूखंड, असे त्याचे स्वरूप होते. तरीही बहुतेकांनी तो नाकारला आणि पुढे थेट खरेदीचा मार्ग निघाला, तेव्हा रोख रक्कम पसंत केली. मग वाटा हा न्याय आणि भरपाई हा अन्याय, असे कसे म्हणता? याचे उत्तर असे की, वाटा घेण्यासाठी दोन गोष्टी लागतात: थांबण्याची ऐपत आणि देणाऱ्यावर विश्वास. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे आणि घरात लग्नाची मुलगी आहे, त्याने दहा वर्षांनी विकसित होणाऱ्या भूखंडाच्या आशेवर कसे जगावे? आणि नवनगर कधी उभे राहीलच याची हमी कोण देणार? नवी मुंबईतही अनेकांनी साडेबारा टक्क्यांचे भूखंड हाती येण्यापूर्वीच दलालांना विकून टाकले. तेव्हा वाटा देऊ केला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. तो वेळेवर देणे, आणि मिळेपर्यंत माणूस तग धरील अशी व्यवस्था करणे, हाही न्यायाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भूखंडाचा वाटा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्याला मिळतो. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचे काय? मिठागरावर राबणारा मजूर, खाडीत जाळे टाकणारा कोळी, दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण करणारी विधवा यांची उपजीविकाही त्याच जमिनीबरोबर जाते. २०१३ साली संमत झालेल्या याच कायद्याने, तीन वर्षांपासून त्या जमिनीवर उपजीविका असलेल्या मजुरांना व कुळांना बाधित कुटुंब मानले आहे, ही समाधानाची बाब आहे. परंतु आंदोलनाच्या व्यासपीठावर त्यांचा आवाज क्वचितच ऐकू येतो. प्राचीन इस्राएलच्या नियमशास्त्रात शेताचा कोपरा न कापता गरिबांसाठी सोडावा, अशी आज्ञा होती. शेताची किंमत वाढो वा घटो, तो कोपरा त्यांचाच राही. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलताना हा कोपरा आपण विसरता कामा नये.

येथपर्यंत आम्ही शासन आणि व्यावसायिक यांविषयी बोललो. आता थोडे आपल्या घराकडे वळू, कारण दुसऱ्याचा न्याय करणे नेहमीच सोपे असते.

विमानतळाजवळच्या त्या सदनिका आणि ते भूखंड विकत कोण घेतो? नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ घेतो, आखाती देशांतून पैसे पाठवणारा मुलगा घेतो, चार पैसे सुरक्षित राहावेत म्हणून एखादी शिक्षिका घेते. यांतील कित्येक आपल्याच धर्मग्रामांतील आहेत. गुंतवणूक करणे पाप नव्हे. परंतु आराखडा जाहीर होण्यापूर्वी कुणा ओळखीच्याकडून बातमी मिळवावयाची आणि ज्याला ती ठाऊक नाही अशा शेतकऱ्याकडून पडत्या भावाने जमीन लिहून घ्यावयाची, ही हुशारी नव्हे. ती दुसऱ्याच्या अज्ञानावर केलेली कमाई आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आपल्या पत्नीच्या दफनासाठी जमीन शोधतो. एफ्रोन ती फुकट देऊ करतो; पण अब्राहाम नगराच्या वेशीत सर्वांसमक्ष पूर्ण किंमत, म्हणजे चांदीची चारशे नाणी, तोलून देतो आणि मगच ती घेतो. किंमत पूर्ण आणि व्यवहार उघड, हे दोन्ही दंडक आजही पुरेसे आहेत. आणि घेतलेल्या वस्तूपासून मोठा लाभ झाला तर घेणाऱ्याने आपणहून देणाऱ्याला अधिक काही द्यावे, हे सौजन्याचे लक्षण आहे, असे संत थॉमस यांनीही सुचवले आहे. ख्रिस्तसभेच्या संस्थांच्या नावे ज्या जमिनी आहेत, त्यांच्या व्यवहारासही हीच कसोटी लावली पाहिजे, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे लेखन पुरे करता येत नाही. जमिनीचा भाव चढला की, घरातील कपाटातून एक कागद बाहेर निघतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. जमीन कवडीमोल होती तोवर लग्न होऊन गेलेल्या बहिणीची आठवण कुणाला नव्हती. विमानतळ आला, महामार्ग आला, आणि बहिणीला साडी-चोळी देऊन, गाडी करून तहसिलीत आणण्यात आले. तिने सही केली, कारण माहेर तुटू नये ही तिची इच्छा. वास्तविक १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र केलेले नसेल तर, ख्रिस्ती कुटुंबातील मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. पनवेलच्या शेतकऱ्याने सिडकोला जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न ती भावाला विचारू शकते: वाढलेला भाव तुझ्या श्रमाचा नाही, मग तो एकट्या तुझा कसा? स्वखुशीने हक्क सोडणारी बहीण असू शकते, आणि तिच्या औदार्याचा मान राखावा. पण स्वखुशी म्हणजे काय, हे जमिनीची आजची किंमत तिला सांगितल्यावरच ठरते.

आमच्या जिल्ह्यात उद्या नवी मोजणी होईल, नवा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. तेव्हा ग्रामसभेने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: ही जमीन नेमकी कशासाठी, वाढलेल्या भावात मूळ मालकाचा आणि भूमिहीनाचा वाटा किती, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत मिळणार. आणि ज्या घरी तो वाटा येईल, त्या घराने पैसे बँकेत भरण्यापूर्वी सर्व भावंडांना एकत्र बसवून रक्कम मोठ्याने सांगावी. बहिणीसही बोलवावे, आणि ज्या मजुराने त्या शेतात वीस वर्षे घाम गाळला, त्यालाही विसरू नये.